समुद्रकाठची ब्रिटिश रहस्यकथा आणि इतवारीतला वाचक

समुद्रकाठच्या लहानशा वस्तीत घडणारा खून आणि बुद्धीच्या बळावर होणारा त्याचा उलगडा ही ब्रिटिश रहस्यकथेची जुनी आणि समृद्ध शाखा आहे. विल्की कॉलिन्सच्या १८६८ च्या 'द मूनस्टोन'मध्ये ती आकाराला आली, दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत बहरली आणि पी. डी. जेम्सच्या कादंबऱ्यांतून एकविसाव्या शतकात पोचली. मच्छीमारांचे गाव, कड्यावरचा एकटा बंगला, सुट्टीवर आलेल्यांनी गजबजलेले हॉटेल, भरतीच्या वेळी जमिनीपासून तुटणारे बेट ही तिची नेहमीची ठिकाणे. मराठी वाचकाला या कथा भाषांतरांतून, रूपांतरांतून, पडद्यावरून आणि मूळ इंग्रजीतून भेटल्या. मुंबईच्या किनाऱ्यापासून रेल्वेने ८०० किलोमीटरांहून जास्त अंतरावर असलेल्या नागपुरात, इतवारीसारख्या बाजारपेठेच्या वस्तीत, त्या वाचताना काय हाती लागते आणि काय निसटते? मराठी रहस्यकथेने या शाखेतून काय घेतले आणि काय घ्यायचे राहून गेले? या प्रश्नांचा विचार करताना एक गोष्ट ठळकपणे समोर येते. या कथांमध्ये समुद्र तर्काचा भाग म्हणून येतो. त्याचे नियम कळले तर अर्धे कोडे वाचकाच्या हाती येते, आणि ते कळण्यासाठी किनाऱ्यावर जन्म घ्यावा लागत नाही.

किनारा का निवडला गेला

एकोणिसाव्या शतकात रेल्वेने इंग्लंडचा किनारा शहरांच्या जवळ आणला. ब्रायटन, बोर्नमथ, टॉर्की ही गावे हवापालटाची ठिकाणे झाली. १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्याने ठरलेल्या सुट्ट्या मिळाल्या, तर १९३८ च्या कायद्याने पगारी रजेचा मार्ग कामगारांसाठीही मोकळा झाला. त्यामुळे किनाऱ्यावर दोन समाज शेजारीशेजारी राहू लागले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे असलेले कोळी, पाद्री, डॉक्टर, पबचा मालक हा एक, आणि आठ-पंधरा दिवसांसाठी येणारे पाहुणे हा दुसरा. पहिल्या समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात. दुसऱ्यात कोणी स्वतःविषयी काहीही सांगावे आणि ते खरे मानले जावे. रहस्यकथेला या दोन्हींची गरज असते. संशयितांची संख्या मर्यादित हवी आणि त्यांतला एखादा खोट्या नावाने वावरू शकला पाहिजे. किनाऱ्यावरच्या हॉटेलात हे दोन्ही सहज जुळते.

कवी डब्ल्यू. एच. ऑडन याने १९४८ च्या 'द गिल्टी व्हिकरेज' या निबंधात रहस्यकथेसाठी बंदिस्त समाज आवश्यक मानला. हा समाज नात्याने बांधलेला असेल, एका जागेने, एका व्यवसायाने किंवा प्रवासासारख्या योगायोगाने. बाहेरच्याने येऊन गुन्हा केला ही शक्यता अशा समाजात मावळते आणि संशय आतल्या प्रत्येकावर येतो. किनाऱ्यावरच्या वस्तीची एक बाजू समुद्राने आधीच बंद केलेली असते. उरलेल्या बाजूला एक रस्ता, एक स्टेशन आणि एक पोलीस चौकी असली की लेखकाचे वर्तुळ पुरे होते.

आरंभ: कॉलिन्स आणि डॉयल

'द मूनस्टोन'मधला हिरा मुळात सोमनाथच्या मूर्तीच्या कपाळावरचा. अनेक हात बदलून तो टिपू सुलतानाकडे येतो आणि १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत एक इंग्रज अधिकारी तो बळकावतो. पुढे यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या एका घरात वाढदिवसाच्या रात्री हिरा नाहीसा होतो. घरापासून थोड्या अंतरावर 'शिव्हरिंग सँड' नावाची दलदलीची वाळू आहे. भरती-ओहोटीच्या संधीला ती थरथरते आणि आत पडलेले काहीही परत देत नाही. रोझॅना स्पिअरमन ही मोलकरीण आणि कॉब्ज होल ही मच्छीमारांची वाडी यांच्यामुळे ती वाळू कथानकाच्या केंद्राशी येते. पुरावा लपवण्यासाठी समुद्रकाठचा भूगोल वापरण्याची रीत इथे पक्की झाली. भारतीय वाचकासाठी या कादंबरीला आणखी एक परिमाण आहे. कथेची सुरुवात वसाहतीच्या लुटीने होते आणि शेवट काठेवाडात सोमनाथला. म्हणजे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या कोड्याची दोन्ही टोके भारतात आहेत.

आर्थर कॉनन डॉयल १८८२ मध्ये पोर्ट्समथजवळच्या साउथसी या किनारी वस्तीत डॉक्टरी करू लागला. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' त्याने तिथेच लिहिली. ती १८८७ मध्ये छापली गेली. होम्स लंडनचा असला तरी त्याच्या दोन कथा किनाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. १९१० ची 'द डेव्हिल्स फूट' कॉर्नवॉलच्या पोल्ढू उपसागराजवळ घडते. ओसाड पठार, बुडालेल्या जहाजांची आठवण वागवणारे खडक आणि गावातला पाद्री यांच्या पार्श्वभूमीवर विषाचे एक शास्त्रीय कोडे त्यात उभे राहते. १९२६ ची 'द लायन्स मेन' ससेक्सच्या किनाऱ्यावर घडते आणि ती निवृत्त होम्स स्वतःच सांगतो. पोहायला गेलेला माणूस अंगावर फटक्यांच्या खुणा घेऊन धडपडत वर येतो आणि मरतो. समुद्राविषयीचे एखादे पुस्तक वाचलेले असणे हेच या कोड्याचे खरे साधन ठरते.

सुवर्णकाळ

१९२० ते १९४० या काळाला ब्रिटिश रहस्यकथेचा सुवर्णकाळ म्हणतात. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेचे दहा नियम मांडले आणि १९३० मध्ये लंडनमध्ये 'डिटेक्शन क्लब' स्थापन झाला. वाचकापासून कोणताही दुवा लपवायचा नाही, दैवी चमत्कार किंवा योगायोग यांवर उलगडा टेकवायचा नाही, ही त्या लेखकांची शिस्त होती. क्लबच्या सदस्यांनी १९३१ मध्ये 'द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल' ही कादंबरी मिळून लिहिली. समुद्राजवळच्या, भरतीचे पाणी चढणाऱ्या नदीत पाद्र्याची होडी वाहत येते आणि तिच्यात निवृत्त अ‍ॅडमिरलचे प्रेत असते. होडी कुठून सुटली, किती वाजता, पाणी तेव्हा कोणत्या दिशेला चालले होते, यांवर सगळा तर्क उभा आहे. एकाने एक प्रकरण लिहायचे, दुसऱ्याने पुढे न्यायचे आणि कथा पुढे नेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात स्वतःचा पूर्ण उलगडा तयार असला पाहिजे, अशी अट होती.

अगाथा ख्रिस्तीचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी डेव्हनमधल्या टॉर्की या किनारी गावात झाला. पहिल्या महायुद्धात तिने तिथल्या औषधालयात काम केले आणि विषांचे ज्ञान मिळवले. तिच्या किनारी कादंबऱ्यांची साखळी मोठी आहे. 'पेरिल अ‍ॅट एंड हाउस' (१९३२) कॉर्नवॉलच्या काल्पनिक सेंट लू गावात घडते. तिचा गुप्तहेर पॉयरो तिथे सुट्टीवर आलेला असतो. 'द एबीसी मर्डर्स'मध्ये (१९३६) बेक्सहिल आणि चर्स्टन ही खरी किनारी गावे येतात. 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) डेव्हनजवळच्या बेटावर अडकलेल्या दहा जणांची कथा आहे. 'ईव्हिल अंडर द सन'ही (१९४१) बेटावरच्या हॉटेलातलीच. या दोन्ही बेटांमागे डेव्हनचे बर्ग बेट आहे. ओहोटीला तिथे वाळूवरून चालत जाता येते आणि भरतीला वाट पाण्याखाली जाते. 'एन ऑर एम?'मध्ये (१९४१) युद्धकाळातले किनारी विश्रामगृह हेरांचा अड्डा ठरते, कारण तेव्हा किनारा ही देशाची सरहद्द होती. 'टुवर्ड्‌स झीरो' (१९४४) खाडीच्या मुखाशी घडते, तर तिची दुसरी तपासनीस मिस मार्पल हिची 'स्लीपिंग मर्डर' ही लेखिकेच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये आलेली कादंबरी डिलमथ या शांत किनारी गावात जुना खून उकरून काढते.

डोरोथी सेयर्सची 'हॅव हिज कारकेस' (१९३२) या शाखेतली सगळ्यात काटेकोर कादंबरी म्हणता येईल. पायी सहलीला निघालेली लेखिका हॅरिएट व्हेन हिला निर्जन किनाऱ्यावर एका खडकावर गळा चिरलेला माणूस दिसतो. रक्त अजून ओले आहे. मदत मिळण्याआधी भरती येणार आणि प्रेत वाहून नेणार हे तिला कळते, म्हणून ती छायाचित्रे घेते, वस्तू गोळा करते आणि वेळ टिपून ठेवते. पुढची जवळजवळ सगळी कादंबरी त्या एका वेळेभोवती फिरते. सेयर्सची 'फाइव्ह रेड हेरिंग्ज' (१९३१) स्कॉटलंडच्या गॅलोवे किनाऱ्यावरच्या चित्रकार आणि कोळ्यांच्या वस्तीत घडते. त्यात रेल्वेचे वेळापत्रक, सायकली आणि रंगाची एक हरवलेली नळी यांवरून सहा चित्रकारांतला एक निवडायचा असतो.

फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स मूळचा रेल्वे इंजिनिअर होता आणि त्याच्या कादंबऱ्यांत ती नजर उतरली. 'मिस्टरी इन द चॅनल'मध्ये (१९३१) इंग्लिश खाडीत भरकटलेल्या यॉटवर दोन प्रेते सापडतात. कोणती बोट किती वेगाने, कोणत्या बंदरातून, किती वाजता निघाली असेल याचे गणित इन्स्पेक्टर फ्रेंच मांडत जातो. जॉन ब्यूडच्या 'द कॉर्निश कोस्ट मर्डर'ची (१९३५) सुरुवातच वाचकाला आपली वाटावी अशी आहे. गावचा पाद्री आणि डॉक्टर दर आठवड्याला रहस्यकथांची पेटी मागवून पुस्तके वाटून घेतात, आणि त्याच संध्याकाळी गावात खरा खून होतो. ही विस्मृतीत गेलेली कादंबरी ब्रिटिश लायब्ररीने २०१४ मध्ये पुन्हा छापली. अँथनी बर्कलीची 'द व्हेन मिस्टरी' (१९२७) कड्यावरून झालेल्या पडण्याभोवती फिरते. जोसेफिन टेच्या 'अ शिलिंग फॉर कँडल्स'मध्ये (१९३६) केंटच्या किनाऱ्यावर एका अभिनेत्रीचे प्रेत सापडते. या कादंबरीवरून हिचकॉकने १९३७ मध्ये 'यंग अँड इनोसंट' हा चित्रपट केला. न्यूझीलंडच्या नायो मार्शची 'डेथ अ‍ॅट द बार' (१९४०) डेव्हनच्या कोळी गावातल्या पबमध्ये घडते. पुढच्या पिढीत पी. डी. जेम्सने 'अननॅचरल कॉजेस'मध्ये (१९६७) सफकचा, 'डिव्हायसेस अँड डिझायर्स'मध्ये (१९८९) अणुवीज केंद्राच्या छायेतला नॉर्फकचा आणि 'द लाइटहाउस'मध्ये (२००५) कॉर्नवॉलजवळच्या बेटाचा किनारा घेतला. तोवर कोड्याइतकेच लक्ष माणसांच्या एकटेपणाकडे गेले होते.

समुद्राची चार कामे

या सगळ्या कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की समुद्र त्यांत चार वेगवेगळी कामे करताना दिसतो.

पहिले काम वर्तुळ बंद करण्याचे. वादळ उठले की होडी येत नाही, भरती आली की वाट बुडते, आणि आत असलेले लोकच संशयित उरतात. 'अँड देन देअर वेअर नन' हे त्याचे टोकाचे उदाहरण.

दुसरे काम वेळ सांगण्याचे. घड्याळाचे काटे मागेपुढे करता येतात, साक्षीदार वेळेविषयी खोटे बोलू शकतो. भरतीला मात्र कोणी लाच देऊ शकत नाही. साधारणपणे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची मोठी भरती येते, अष्टमीच्या आसपास भांगाची लहान. ओल्या वाळूवर पावलांचा एकच माग असेल तर तो शेवटच्या भरतीनंतरचा. खडकावर रक्त असेल तर पाणी अजून तिथवर चढलेले नाही. पाण्याचे वेळापत्रक छापील मिळते, म्हणजे लेखक, गुप्तहेर आणि वाचक तिघांकडेही तोच दुवा असतो. वाचकाशी प्रामाणिक राहण्याची सुवर्णकाळाची शिस्त इथे निसर्गच पाळून देतो.

तिसरे काम पुरावा नेण्याचे आणि परत देण्याचे. समुद्र प्रेत नेतो, पण काही दिवसांनी दुसऱ्याच ठिकाणी आणून टाकतो. कोणत्या प्रवाहाने काय कुठे लागेल हे गावातल्या कोळ्याला ठाऊक असते, शहरातल्या पोलिसाला नसते. त्यामुळे तपासात स्थानिक ज्ञानाला मान मिळतो.

चौथे काम परका माणूस आणण्याचे. बंदरावर कोणीही उतरू शकतो. वसाहतीतून परतलेला अधिकारी, नाव बदललेली स्त्री, हॉटेलात पगारावर नाचणारे तरुण-तरुणी असे लोक किनाऱ्यावर स्वाभाविक वाटतात. सेयर्सच्या 'हॅव हिज कारकेस'मध्ये आणि ख्रिस्तीच्या 'द बॉडी इन द लायब्ररी'मध्ये (१९४२) हॉटेलातल्या अशा नर्तकांचे जग कथानकाच्या मुळाशी आहे. सुट्टीच्या झगमगाटामागची आर्थिक असुरक्षितता या दोन्ही लेखिकांनी नेमकी टिपली.

उणिवा आणि टीका

या शाखेवरची टीका गंभीरपणे घ्यायला हवी. अमेरिकी रहस्यकथाकार रेमंड चँडलरने १९४४ मध्ये ब्रिटिश कोडेकथा जीवनापासून तुटलेली असल्याचा आक्षेप घेतला. कॉलिन वॉटसनच्या १९७१ च्या 'स्नॉबरी विथ व्हायोलन्स'ने या कथांमधला वर्गाभिमान उघड केला, आणि जुलियन सायमन्सने १९७२ च्या 'ब्लडी मर्डर'मध्ये कोड्यापेक्षा मानसिकतेकडे वळलेल्या कादंबरीला जास्त मोल दिले. किनारी कथांपुरते बोलायचे तर कोळी माणूस त्यांत बहुधा साक्षीदार किंवा होडीवाला म्हणून येतो. त्याची बोली रंगतीसाठी वापरली जाते आणि त्याचे मन क्वचितच उघडले जाते. किनारा बहुतेक वेळा पाहुण्याच्या डोळ्यांनी दिसतो. वंशभेदाच्या खुणाही स्पष्ट आहेत. 'अँड देन देअर वेअर नन'चे १९३९ चे मूळ ब्रिटिश शीर्षक इतके अपमानकारक होते की अमेरिकी आवृत्तीत ते लगेच बदलले गेले आणि आज इंग्रजीत ते वापरले जात नाही. 'द मूनस्टोन'मधले तीन ब्राह्मण कथेत बराच काळ संशयाच्या छायेत वावरतात; तरीही त्यांची निष्ठा कॉलिन्सने आदराने रंगवली, हे त्याच्या काळात वेगळे होते. या उणिवा लक्षात ठेवून वाचले तर या कथा त्या समाजाची कागदपत्रे म्हणूनही उपयोगी पडतात.

मराठीतला प्रवास

मराठीत इंग्रजी रहस्य आणि अद्‌भुत यांची ओढ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दिसते. गो. ना. दातारांनी जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्‌सच्या कादंबऱ्यांच्या आधारे लिहिलेल्या पुस्तकांवर वाचकांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. होम्सच्या कथा भालबा केळकरांनी मराठीत आणल्या आणि शाळकरी वयातल्या असंख्य वाचकांना तर्काची गोडी लावली. नट आणि नाटककार मधुकर तोरडमल यांनी अगाथा ख्रिस्तीच्या अनेक कादंबऱ्यांचे अनुवाद केले. रंगमंचावर संवादाची लय सांभाळलेल्या माणसाने संवादांवरच चालणारी लेखिका निवडावी हे सुसंगतच होते. ख्रिस्तीचे बेट हिंदी पडद्यावर १९६५ च्या 'गुमनाम'मधून आले. त्याचे दिग्दर्शक राजा नवाथे मराठी होते.

स्वतंत्र मराठी रहस्यकथेचा सर्वांत मोठा नायक बाबूराव अर्नाळकर. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्या लेखननावातले अर्नाळा हे वसई-विरारजवळचे कोळी वस्तीचे गाव आहे आणि तिथला किल्ला समोरच्या बेटावर आहे. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. ब्रिटिश लेखकाला हवा असलेला सगळा भूगोल त्या नावात भरलेला होता. तरीही अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांतले झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू हे नायक मुख्यतः मुंबईच्या रस्त्यांवर, मोटारींत, हॉटेलांत आणि गुन्हेगारांच्या अड्ड्यांवर वावरले. त्यांच्यामागे ख्रिस्तीच्या शांत गावापेक्षा इंग्रजी धाडसकथेची चपळाई जास्त होती. गुरुनाथ नाईक यांनी हाच वेग पुढे नेला. सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि दारा बुलंद या नायकांतून न्यायालय, शहर आणि साहस यांचे वेगवेगळे पोत आणले. या लेखकांनी लाखो माणसांना वाचायला लावले, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

मात्र महाराष्ट्राला ७०० किलोमीटरांहून लांब किनारा असूनही किनारी वस्तीतली तर्कशुद्ध कोडेकथा मराठीत फारशी रुजली नाही. कोकणाची गुपिते दुसऱ्या वाटेने गेली. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'मध्ये (१९५२) गावाची कुजबुज, मालमत्तेचे ताण, अबोल वैर असा रहस्यकथेला पुरेल एवढा ऐवज आहे. तो त्यांनी सामाजिक कादंबरीत गुंफला. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त समुद्रकाठचे गूढ दैवाच्या आणि श्रद्धेच्या पातळीवर राहते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेने कोकणातल्या घराची भीती घरोघरी पोचवली. म्हणजे ब्रिटिश लेखकांनी किनाऱ्यावर प्रश्न सोडवले, तर मराठी लेखकांनी तिथे प्रश्नाचे गूढ जपले. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पण पहिली वाट मराठीत अजून पुरेशी चालली गेलेली नाही, आणि हर्णै, मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरावर घडणाऱ्या काटेकोर रहस्यकथेला आजही भरपूर जागा आहे.

इतवारीतून वाचताना

नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली आणि मुंबईची पुस्तके, मासिके इथवर पोचू लागली. मॉरिस कॉलेज आणि हिस्लॉप कॉलेजमुळे १८८० च्या दशकात इंग्रजी वाचणारा वर्ग तयार झाला. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, पुढे मध्य प्रदेशची राजधानी होते. अशा शहरातली इतवारी ही सराफा, किराणा आणि लोखंडाच्या ओळींची जुनी बाजारपेठ. समुद्र इथून दूर असला तरी या कथांमधला समाज इतवारीच्या वाचकाला परका वाटत नाही. ओळीत कोणाचे दुकान किती वाजता उघडते, कोणाकडे कोण उधारीवर येते, कोणता चेहरा नवा आहे हे जसे सगळ्यांना ठाऊक असते, तसेच ख्रिस्तीच्या किनारी गावात असते. मिस मार्पलची तपासाची पद्धत याच ठाऊक असण्यावर चालते. रोजच्या वागण्यात पडलेला छोटासा फरक तिला खुन्यापर्यंत नेतो. बाजारपेठेत वाढलेल्या वाचकाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. क्रॉफ्ट्स आणि सेयर्सच्या रेल्वे वेळापत्रकांचेही तेच. इतवारीला स्वतःचे स्टेशन आहे आणि गाडी चुकण्याचे गणित इथे घरोघरी माहीत आहे.

निसटण्याची शक्यता असते ती भरतीच्या बाबतीत. इथे घरातले पंचांग किंवा दिनदर्शिका कामाला येते. कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईकडच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी असते हे यातूनच कळते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येते, म्हणजे बर्ग बेटाची मराठी जोडी आपल्याच किनाऱ्यावर आहे. इंग्लंडच्या प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी असल्यामुळे हा आकडा तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही. मात्र रोज पाऊण तास पुढे सरकण्याचा आणि चंद्राच्या कलेने उधाण येण्याचा नियम तोच राहतो. एवढे हाताशी असले की 'हॅव हिज कारकेस'मधली घड्याळे नागपुरात बसूनही तपासता येतात.

दुसरी अडचण कायद्याची. या कथांमध्ये खुनानंतर लगेच कॉरोनरची, म्हणजे मृत्यूचे कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी भरते. ज्यूरी बसते, गावकरी गर्दी करतात आणि अर्धी माहिती तिथेच बाहेर येते. भारतात १८७१ च्या कायद्याने कॉरोनर नेमला गेला तो कलकत्ता, मुंबई यांसारख्या मोठ्या शहरांसाठी. नागपूरसारख्या ठिकाणी संशयास्पद मृत्यूचा तपास पोलिसांच्या पंचनाम्याने होत आला. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ त्यासाठी होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आहे. कॉरोनरची चौकशी ही खटल्याआधीची उघडी सभा असते, तिथे आरोप सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवले की कथेतली अनेक वळणे स्पष्ट होतात. सुवर्णकाळात खुनाची शिक्षा फाशी होती आणि ती ब्रिटनमध्ये १९६५ मध्ये थांबवली गेली, हेही ध्यानात असावे. चुकीच्या माणसावर संशय येण्याची भीती त्या पानांत इतकी खरी का वाटते, याचे उत्तर त्यात आहे.

वाचनाचा क्रम

नव्या वाचकाने होम्सच्या दोन किनारी कथांपासून सुरुवात करणे सोपे जाते. त्या छोट्या आहेत आणि निरीक्षणाची सवय लावतात. त्यानंतर 'पेरिल अ‍ॅट एंड हाउस' आणि 'ईव्हिल अंडर द सन' वाचाव्यात. दोन्हींत हॉटेल, पाहुणे आणि किनाऱ्याचा नकाशा नीट मांडलेला आहे. 'अँड देन देअर वेअर नन' त्यांच्या पाठोपाठ यावी, कारण तिच्यात कोडे सोडवणारा गुप्तहेरच नाही आणि आधीच्या कादंबऱ्यांची सवय तिथे मोडते. मग 'हॅव हिज कारकेस' सावकाश, कागदावर वेळा टिपत वाचावी. क्रॉफ्ट्स आणि ब्यूड यांच्यात गणित आणि गाव यांची दोन टोके दिसतात. 'द मूनस्टोन' शेवटी ठेवली तर मोठ्या पटावर तीच तत्त्वे ओळखण्याचा आनंद मिळतो, आणि पी. डी. जेम्सपर्यंत जाणाऱ्याला परंपरा कशी प्रौढ झाली ते कळते.

प्रत्येक पुस्तकात चार प्रश्न हाताशी ठेवावेत. या वस्तीत कोण आतला आणि कोण बाहेरचा? गुन्ह्याच्या वेळी पाणी कुठे होते? समुद्राने काय नेले आणि काय परत दिले? आणि गावातल्या कोणत्या माणसाचे ज्ञान शहरी तपासनिसाने ऐकून घेतले नाही? या चार प्रश्नांनी बहुतेक कादंबऱ्यांचा सांगाडा उघडा होतो, आणि शेवटच्या प्रश्नाने त्यांची सामाजिक मर्यादाही दिसते. हेच प्रश्न अर्नाळ्याच्या किंवा वेंगुर्ल्याच्या वस्तीला विचारण्याची तयारी असलेला लेखक मराठी रहस्यकथेत एक नवे दालन उघडू शकेल. त्यासाठी लागणारी भाषा, पंचांगातले भरतीचे गणित आणि गावाची माहिती मराठीत आधीपासूनच आहे.